'समरक्ता' : केर्गेलेन द्वीपसमूहातील एका लहान शिंपल्याच्या नामकरणाचा इतिहास

१

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांकडे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे, हे काहींना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु नाव आणि वस्तू यांचा संबंध कसा जडतो, वस्तूविषयीची समजूत बदलली तरी नाव का टिकते, आणि एका नावाखाली काळाच्या ओघात किती भिन्न अर्थ नांदून जातात, हे प्रश्न मुळात भाषेचेच आहेत. प्राणिनामांच्या क्षेत्रात त्यांचा मागोवा अधिक काटेकोरपणे घेता येतो; कारण तेथे प्रत्येक नावामागे कर्ता, वर्ष आणि वर्णन यांची नोंद असते. बोलीतील शब्दाला असा जन्मदाखला क्वचितच लाभतो.

प्रस्तुत लेखात अशाच एका नावाचा इतिहास पाहावयाचा आहे. हे नाव ज्या प्राण्याचे आहे तो दोन शिंपांचा, दोनतीन मिलिमीटर लांबीचा आणि तांबूस छटेचा एक मृदुकाय समुद्रजीव होय. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांच्या भेगांत आणि शेवाळाच्या झुबक्यांत सूक्ष्म धाग्यांनी स्वतःला बांधून तो राहतो. दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलेन द्वीपसमूहावरून आणलेल्या नमुन्यांना लंडन येथील एडगर आल्बर्ट स्मिथ यांनी १८७७ साली 'केलिया कॉन्सँग्विनिआ' असे नाव दिले. पुढे तो 'लासेआ' ह्या वंशात गणला गेला, आणि आज 'लासेआ कॉन्सँग्विनिआ' ह्या नावाने तो परिचित आहे.

'कॉन्सँग्विनिआ' ह्या लॅटिन विशेषणाचा अर्थ 'एकाच रक्ताची' असा आहे. आपण त्याला 'समरक्ता' म्हणू. हे नाव रंग सांगत नाही, आकार सांगत नाही, स्थळही सांगत नाही; ते नाते सांगते. आता नाते सांगणारे नाव हे वर्णन नसून विधान असते, आणि विधान म्हटले की ते खरे किंवा खोटे ठरू शकते. स्मिथ यांच्या ह्या एका शब्दातील विधानाची परीक्षा करण्याची साधने उपलब्ध होण्यास सुमारे एक शतक लागले. आणि ती उपलब्ध झाल्यावर मूळ प्रश्नच पालटून गेला. तो कसा पालटला, हे दाखविणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आरंभीच केलेला बरा. मराठीत 'जाती' आणि 'प्रजाती' ह्या संज्ञांचा वापर एकसारखा नाही. जुन्या मराठी विज्ञानलेखनात 'जाती' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे तिच्या वरचा गट, जीनस, असा संकेत आढळतो. अलीकडील लेखनात 'प्रजाती' हा शब्द सर्रास स्पीशीजसाठी येतो. हा घोटाळा टाळण्यासाठी येथे स्पीशीजला 'जाती' आणि जीनसला 'वंश' म्हटले आहे.

२

केर्गेलेन द्वीपसमूह दक्षिण अक्षांश ४९° च्या आसपास आहे. आफ्रिका खंडाचा किनारा तेथून तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर, आणि ऑस्ट्रेलिया त्याहूनही लांब. १७७२ साली फ्रेंच नौदल अधिकारी इव्ह-जोसेफ द केर्गेलेन-त्रेमारेक यांना ही बेटे प्रथम दिसली. १७७६ च्या नाताळात कॅप्टन कुक तेथे उतरले. बेटांवर मूळची मनुष्यवस्ती नाही. ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जेथे बोलणारे कोणी नाही, तेथे प्राण्याला लोकभाषेतील नावही नाही.

अर्थात वस्ती असती तरी ह्या प्राण्याला नाव मिळालेच असते असे नव्हे. आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर तिसऱ्या, शिवल्या, खुबे, कालवे, शिणाणे अशी कितीतरी नावे चालतात. पण ती सारी खाण्याच्या किंवा विकण्याच्या जिनसांची आहेत. गव्हाच्या दाण्याहून लहान, आणि ज्याच्यापासून ना कालवण ना चुना, अशा शिंपल्याला निराळे नाव देण्याची गरज लोकव्यवहाराला भासत नाही. लोकभाषेतील वर्गीकरण उपयोगाच्या कडेला येऊन थांबते. त्या कडेपलीकडे जे उरते, त्याला नाव देण्याचे काम शास्त्राकडे येते.

केर्गेलेनच्या बाबतीत हे काम एका खगोलीय घटनेमुळे घडून आले. ९ डिसेंबर १८७४ रोजी शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून सरकणार होता. पृथ्वीवरील दूरदूरच्या स्थळांवरून ह्या अधिक्रमणाची वेळ मोजल्यास सूर्याचे अंतर काढता येते. म्हणून ब्रिटिश, अमेरिकन आणि जर्मन अशा तीन राष्ट्रांची पथके त्या वर्षी केर्गेलेनवर उतरली. ब्रिटिश पथकाबरोबर रॉयल सोसायटीच्या वतीने रेव्हरंड आल्फ्रेड एडविन ईटन हे निसर्गवैज्ञानिक म्हणून गेले होते. अमेरिकन पथकात जेरोम किडर हे शल्यवैद्य हेच काम पाहत होते. त्याच वर्षी जानेवारीत 'चॅलेंजर' हे संशोधन-जहाजही तेथे येऊन गेले होते. ज्या बेटावर शतकभरात मोजकेच अभ्यासक पोहोचले होते, तेथील जीवसृष्टीचे संग्रह एकाच वर्षात अनेक हातांनी झाले.

परिणामही लगेच दिसले. वॉशिंग्टनमध्ये विल्यम हीली डॉल यांनी किडर यांच्या संग्रहावरून १८७६ साली केर्गेलेनचा दुसरा एक चिमुकला शिंपला वर्णिला आणि त्यासाठी 'किडेरिया' हा नवा वंश निर्माण केला. जातीचे नाव 'मिन्यूटा', म्हणजे 'लहानगी'. पुढील वर्षी स्मिथ यांनी ईटन यांच्या संग्रहातील नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'चा १६८ वा खंड मात्र १८७९ साली आला. ह्यामुळेच 'समरक्ता'चे वर्ष काही ग्रंथांत १८७७, तर काहींत १८७९ असे आढळते. नियमाप्रमाणे पहिले प्रसिद्ध वर्णन प्रमाण धरावयाचे असल्याने १८७७ हेच वर्ष ग्राह्य होय.

३

स्मिथ यांनी नाते जोडले असले, तर ते कोणाशी? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी आणखी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

फ्रेंच निसर्गवैज्ञानिक मिशेल अदाँसाँ यांनी सेनेगालमध्ये काही वर्षे राहून १७५७ साली तेथील शंखशिंपल्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात 'पोरों' ह्या नावाने एका लहान शिंपल्याची नोंद आहे. अदाँसाँ यांचे वैशिष्ट्य दुहेरी होते. केवळ कवच न पाहता आतील जिवंत प्राणीही पाहावा, असा त्यांचा आग्रह असे. आणि नाव अर्थशून्य असणेच बरे, असे त्यांचे मत होते. अर्थपूर्ण नाव आज योग्य वाटते, पण उद्या नवी माहिती आली की तेच दिशाभूल करते. निव्वळ ध्वनींचे नाव कधी खोटे पडत नाही. शब्द आणि अर्थ यांचा संबंध मूलतः यादृच्छिक असतो, हे तत्त्व आधुनिक भाषाशास्त्राने पुढे मांडले. अदाँसाँ यांनी ते नामकरणाचे धोरण म्हणून दीडशे वर्षे आधी अवलंबिले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नावांची गणना लिनीअस यांच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १७५८ पासून, सुरू होते. 'पोरों' एका वर्षाने आधीचे पडले आणि नियमांच्या कक्षेबाहेर राहिले. १७९१ मध्ये ग्मेलिन यांनी त्याच नोंदीच्या आधारे 'टेलिना अडान्सोनी' हे नाव दिले. १८०३ मध्ये इंग्लंडात जॉर्ज माँटेग्यू यांनी ब्रिटिश किनाऱ्यावरील तशाच तांबड्या शिंपल्याला 'कार्डियम रुब्रम' म्हटले. १८१८ मध्ये लामार्क यांनी ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा एक शिंपला वर्णिला आणि त्याला गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या 'सायक्लास' ह्या वंशात बसविले. १८२७ मध्ये टॉमस ब्राउन यांनी 'लासेआ' हा वंश स्थापिला आणि हळूहळू ही सारी मंडळी त्या एका छत्राखाली आली. १८४३ मध्ये रेक्लूझ यांनी ह्याच प्राण्यांसाठी 'पोरोनिया' असा वंश सुचविला होता; अदाँसाँ यांचा अर्थशून्य शब्द त्या रूपाने पुन्हा डोकावला, पण 'लासेआ' आधीचे असल्यामुळे टिकला नाही.

येथे व्याकरणाचा एक लहानसा मुद्दा नोंदविण्याजोगा आहे. 'कार्डियम' हे नपुंसकलिंगी असल्याने विशेषण 'रुब्रम' होते. 'लासेआ' स्त्रीलिंगी असल्याने त्याचे 'रुब्रा' झाले. वंश बदलला की विशेषणाचा प्रत्यय बदलतो, आणि मूळ कर्त्याचे नाव कंसात जाते. वर्गीकरणातील एक निर्णय असा शब्दाच्या प्रत्ययातही उमटतो. नावाचे रूप पाहूनच त्याने स्थलांतर केले आहे की नाही, हे जाणत्यास कळते.

स्मिथ यांच्यापुढे केर्गेलेनचे नमुने आले तेव्हा युरोपीय 'रुब्रा' ब्रिटिश अभ्यासकांच्या चांगलीच परिचयाची होती. दोहोंतील साम्य उघड होते. अंतर मात्र अर्ध्या पृथ्वीचे. अशा वेळी तीन मार्ग संभवतात : दोन्ही एकच मानणे, दोन्ही सर्वस्वी भिन्न मानणे, किंवा भिन्न पण नात्यातील मानणे. 'कॉन्सँग्विनिआ' हे नाव तिसऱ्या मार्गाचे निदर्शक दिसते.

४

ह्या ठिकाणी आपल्याकडील एका जुन्या वादाची आठवण होते. धर्मशास्त्रात 'सपिंड' ह्या शब्दाचे दोन अर्थ लावले गेले. मिताक्षराकार विज्ञानेश्वरांनी 'पिंड' म्हणजे शरीर असा अर्थ घेऊन, एकाच देहाचे अंश ज्यांच्यात आहेत ते सपिंड, असे ठरविले. दायभागकार जीमूतवाहनांनी श्राद्धात अर्पावयाचा पिंड हा अर्थ धरला. एका पक्षी नाते शरीराने सिद्ध होते, दुसऱ्या पक्षी विधीने. शब्द एकच, पण प्रमाण निराळे म्हणून वारसही निराळे.

'समरक्ता' ह्या नावाची स्थिती अशीच होती. रक्ताचे नाते म्हणावयाचे, पण ते सिद्ध करण्यास हाताशी होते केवळ कवचाचे साम्य. आणि लासेआच्या कवचात साम्य-भेद पाहण्यास वावच थोडा. कवच लहान; बिजागरीवरील दात मोजके; पृष्ठभाग बहुधा साधा; आणि भेगेत वाढणाऱ्या प्राण्याचा आकार भेगेप्रमाणे वाकडातिकडा होतो. मोजकी लक्षणे आणि ती परिस्थितीनुसार बदलणारी, अशा प्राण्याची जाती ओळखणे म्हणजे दोनचार एकाक्षरी शब्दांवरून दोन भाषांचे कुळ ठरविण्यासारखे होय. शब्दसाम्य समान मूळामुळे, उसनवारीमुळे किंवा निव्वळ योगायोगानेही असू शकते, हे तौलनिक भाषाशास्त्राने कष्टाने शिकून घेतले. ऑगस्ट श्लायखर यांनी १८६३ मध्येच डार्विन यांचा सिद्धान्त आणि भाषाशास्त्र यांची सांगड घालणारा निबंध लिहिला होता. दोन्ही शास्त्रांत वंशवृक्ष काढण्याची हौस एकाच काळातली आहे, आणि अल्प साम्यावरून वृक्ष काढण्याचा धोकाही समान आहे.

म्हणूनच पुढील सत्तरऐंशी वर्षांत दोन विरुद्ध प्रवृत्ती दिसतात. एका बाजूस हवाई, जपान, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, अमेरिकेचा पश्चिम किनारा अशा एकेका प्रदेशातील लासेआला स्वतंत्र जातीनाम मिळत गेले. दुसऱ्या बाजूस, ही सर्व एकाच जगद्व्यापी जातीची रूपे होत, असे मानणारा पक्ष होता. त्यातही ब्रिटिश 'रुब्रा' आणि सेनेगालची 'अडान्सोनी' एकच मानली, तर १७९१ चे नाव १८०३ च्या नावाला मागे सारणार, हा नियमाचा तंटा वेगळाच. १९६४ मध्ये आर. के. डेल यांनी दक्षिण ध्रुवीय आणि उपध्रुवीय शिंपल्यांचा मोठा आढावा 'डिस्कव्हरी रिपोर्ट्स'मध्ये घेतला. पण तोवर निर्णयाचे साधन मुख्यतः कवच हेच राहिले होते.

५

कलाटणी मिळाली ती प्राण्याच्या जीवनक्रमाच्या अभ्यासामुळे. अदाँसाँ यांनी दोनशे वर्षांपूर्वी धरलेल्या आग्रहाचाच हा एका अर्थी विजय होय. १९५७ मध्ये मॉर्टन आणि त्यांचे सहकारी यांनी 'लासेआ रुब्रा'च्या राहणीचे विवेचन केले. हा प्राणी उभयलिंगी आहे. तो आपली अंडी कल्ल्यांच्या पोकळीत सांभाळतो आणि तयार, रांगणारी पिले बाहेर सोडतो. पोहणारी डिंभावस्था त्याला नाही. १९८३ मध्ये क्रिस्प आणि सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की ह्या प्राण्यात लैंगिक मीलनाविनाच प्रजोत्पादन होते. १९८८ मध्ये त्यांनीच दाखविले की एकाच किनाऱ्यावर भरतीच्या निरनिराळ्या पातळ्यांना निरनिराळे 'क्लोन', म्हणजे एका मातेच्या हुबेहूब संततिमाला, नांदतात.

त्याच वर्षी, १९८८ मध्ये, कॅथरिन तिरिओ-क्येव्र आणि त्यांचे फ्रेंच सहकारी यांनी प्रत्यक्ष 'समरक्ता'च्या गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तिचा गुणसूत्रसंच असामान्य असल्याचे दाखविले. पाठोपाठ डिअर्मिड ओ फॉइल आणि इतरांच्या संशोधनातून स्पष्ट झाले की लासेआच्या बहुतेक संततिमालांत गुणसूत्रांचे दोनाऐवजी अनेक संच असतात. अंड्याच्या विकासाला चालना देण्यास शुक्रपेशी लागते, पण तिचे केंद्रक पुढे नष्ट होते आणि पित्याचा वारसा संततीत उतरत नाही. 'समरक्ता' ह्या शब्दाला येथे अनपेक्षित धार येते. ह्या कुळात रक्त मिसळतच नाही. ते केवळ एका धारेने वाहत राहते.

ह्याला ठळक अपवाद म्हणजे लामार्क यांची 'लासेआ ऑस्ट्रॅलिस'. तिच्यात गुणसूत्रांचे दोनच संच, खरे लैंगिक प्रजनन आणि पाण्यात तरंगणारी, स्वतः अन्न मिळविणारी डिंभावस्था आहे. साहजिक अपेक्षा अशी की हीच जाती सर्वत्र पसरलेली असावी. पण १९८९ मध्ये ओ फॉइल यांनी ह्याच्या नेमके उलट चित्र मांडले : पोहणारी डिंभावस्था असलेली जाती ऑस्ट्रेलियाच्या परिसरापुरती मर्यादित, आणि पिले पोटाशी धरून राहणाऱ्या तिच्या बहिणी केर्गेलेनसारख्या महासागरी बेटांवरही पोहोचलेल्या.

हे कसे घडले असावे? तरंगणारे डिंभक काही आठवडे जगते. तेवढ्यात किनारा न लाभला तर त्याचा अंत होतो. उलट धाग्यांनी स्वतःला बांधून घेणारा लहान शिंपला उखडलेल्या समुद्रवनस्पतीबरोबर दीर्घ प्रवास करू शकतो, आणि एकटा पोहोचला तरी पोटातील पिलांसह वसाहत करू शकतो. ही केवळ कल्पना नव्हे. उपध्रुवीय सागरातील 'गायमार्डिया ट्रॅपेसिना' हा असाच पिले सांभाळणारा शिंपला तरंगत्या केल्प-वनस्पतीवर बसून लांबचा प्रवास करतो, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले गेले. त्या सागरात वारे आणि प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे अखंड वाहत असतात; केर्गेलेनसारखे बेट त्यांच्या वाटेवरील थांबा ठरते.

६

आता मूळ प्रश्न पुन्हा विचारू : 'समरक्ता' ही स्वतंत्र जाती आहे काय? १९४२ मध्ये एर्न्स्ट मायर यांनी रूढ केलेल्या व्याख्येप्रमाणे, ज्यांच्यात परस्पर संकर होतो अशा प्राणिसमूहांची एक जाती. ज्या प्राण्यांत पित्याचा वारसाच उतरत नाही, त्यांना ही कसोटी लावताच येत नाही. ती अक्षरशः लावली तर प्रत्येक संततिमाला ही एक स्वतंत्र जाती ठरेल. १९८८ मध्येच ओ फॉइल आणि अर्निस यांनी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर एकाच ठिकाणी शेजारी राहणारे, दूरवर पसरलेले, पण परस्परांत संकर न होणारे लासेआचे वाण दाखवून दिले होते. म्हणजे एकाच भेगेतील शेजारी परस्परांना परके, आणि शेकडो किलोमीटरांवरचा मात्र सख्खा, ही स्थिती येथे सहज संभवते. बेट तितक्या जाती हे समीकरण, आणि सर्व जगात एकच जाती हे समीकरण, ही दोन्ही ह्या वस्तुस्थितीपुढे तोकडी पडतात.

मग नाव ठेवावे की काढून टाकावे? प्रस्तुत लेखकाच्या मते ते ठेवणेच श्रेयस्कर, आणि त्याचे कारण भाषिक आहे. नियमांनुसार जातिनाम हे वर्णनाला नव्हे, तर ज्या नमुन्यावरून ते दिले गेले त्या आदर्श नमुन्याला बांधलेले असते. 'कॉन्सँग्विनिआ' म्हणजे 'एकाच रक्ताची जी असेल ती' नव्हे. १८७४-७५ मध्ये केर्गेलेनवर गोळा झालेले ते नमुने, आणि त्यांच्याशी जे एक ठरतील ते. शब्दाची व्युत्पत्ती निराळी आणि निर्देश निराळा. व्युत्पत्तीने नात्याचा दावा केला तरी निर्देश एका स्थळाशी आणि एका संग्रहाशी पक्का आहे. असे नाव जगद्व्यापी नावात विलीन केल्यास स्थळाची ती खूण पुसली जाईल, आणि केर्गेलेनच्या प्राण्याविषयी जे स्वतंत्रपणे शोधावयाचे आहे ते शोधलेच आहे असा आभास निर्माण होईल. उलट, नाव आहे म्हणून जाती सिद्ध झाली असे मानणे हीही तेवढीच चूक ठरेल.

वर आलेल्या नावांकडे एकत्र पाहिल्यास नामकरणाचे चार प्रकार दिसतात : 'पोरों' अर्थशून्य, 'रुब्रा' वर्णनपर, 'किडेरिया' व्यक्तिस्मारक आणि 'कॉन्सँग्विनिआ' नातेदर्शक. पहिले कधी खोटे ठरत नाही, पण काही सांगतही नाही. दुसरे डोळ्यांना दिसणाऱ्यापुरते खरे. तिसरे प्राण्याविषयी मौन बाळगून माणसाचा इतिहास जपते. चौथे सर्वांत साहसी. कारण ते आपल्याजवळच्या पुराव्यापेक्षा अधिक बोलते. परंतु शास्त्राच्या इतिहासात अशा अधिक बोलणाऱ्या शब्दांचेही मोल आहे. त्यांनी केलेला दावा पुढील पिढ्यांना तपासावा लागतो, आणि तपासताना दाव्याचे शब्दच नव्याने समजून घ्यावे लागतात. स्मिथ यांच्या शब्दाने विचारलेला प्रश्न 'हे एकाच रक्ताचे आहेत काय?' असा होता. शंभर वर्षांच्या अभ्यासाने त्याचे उत्तर देण्यापूर्वी, ह्या प्राण्यांच्या बाबतीत 'रक्त' म्हणजे काय आणि 'एक' म्हणजे काय, हे ठरविणे भाग पाडले. वर्गीकरण करणाऱ्या प्रत्येक शास्त्राने, भाषांचे वर्गीकरण करणाऱ्या शास्त्रानेही, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.